नंबरातलं पूज्य

आमची आजी नवऱ्याचं नाव घेत नसे. खेड तालुक्यातल्या आमच्या वाडीत त्या वेळच्या बाया घेतच नसत. उखाण्यात काय घेतील तेवढंच. पण पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की पैसे कुणाकडून आले ते सांगावंच लागे. तो ओटीच्या पायरीवर टेकून, टोपीने वारा घेत विचारी, "कोणाची मनीआर्डर गो वयनी?" आणि आजी दाराआडून नवऱ्याचा पलटणीतला नंबर सांगे. पोस्टमन फॉर्मवरचा नंबर ताडून बघे, आजीचा अंगठा उठवून घेई आणि दहा रुपये मोजून देई. दुसरं महायुद्ध संपून चाळीस वर्षं झाली तरी तो नंबर तिला पाढ्यासारखा पाठ होता. आम्ही नातवंडं मुद्दाम विचारायचो आणि ती तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणायची. पहिले दोन आकडे, मग 'पूज्य', मग बेचाळीस.

पहिले दोन आकडे इथे छापत नाही. मी पोस्टात ३८ वर्षं काढली. माणूस गेला तरी त्याचा नंबर चव्हाट्यावर मांडायचा नाही, ही तिथली सवय.

मधल्या 'पूज्य'चा आम्ही लावलेला अर्थ असा, की नाव घ्यायचं नाही म्हणून आजी नंबरातसुद्धा आजोबांना मान देते. आई तर म्हणायची, "बघा, जुन्या बायका नंबरही आदराने घ्यायच्या." हा अर्थ मला एक वर्ष आणि तीन रजिस्टर पत्रं एवढ्याला पडला. ते पुढे येईलच.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. मी नुकताच रिटायर होऊन रत्नागिरीत घरी बसलो होतो. काका चिपळूणला, बाजारपेठेच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर. वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा काका-काकू शेजारच्यांच्या गच्चीवर गेले म्हणून वाचले. चौथ्या दिवशी मी पोचलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल आणि लोखंडी कपाट आडवं. त्याच्या खालच्या कप्प्यात, विम्याच्या पॉलिशा आणि काकूच्या माहेरच्या फोटोंबरोबर, आजोबांचं डिस्चार्ज बुक होतं. प्लास्टिकच्या पिशवीत होतं, पण पिशवीला गाठ मारलेली नव्हती. काकांनी ते दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आणलं. वरचा पुठ्ठा शाबूत. आतल्या पानांचा भिजलेल्या पोह्यांसारखा गोळा. सुरीच्या पात्याने एक पान सोडवायला गेलो तर पान सुटेना, नुसता लगदा पात्याला चिकटून येई. एका कोपऱ्यात जांभळ्या शिक्क्याचा अर्धा गोल राहिला होता. त्यात बेळगावच्या इंग्रजी नावाची शेवटची तीन-चार अक्षरं वाचता येत होती.

घरात आजोबांबद्दल चार गोष्टी ठाऊक होत्या. ते मराठा पलटणीत होते. उत्तर आफ्रिकेत तोब्रुकला धरले गेले. इटलीत कैदेत होते. १९४६ ला घरी आले, तेव्हा सात वर्षांच्या माझ्या बाबांनी आपल्या बापाला पहिल्यांदा पाहिलं. पाचवी गोष्ट काका दर गणपतीत आरती झाल्यावर सांगायचे, की आजोबा सुभाषबाबूंच्या फौजेत होते. डिस्चार्ज बुक होतं तोवर यातलं काहीही कुणी उघडून पडताळलं नव्हतं. ते गेलं आणि मला शोधावंसं वाटलं. आपल्याकडे हे असंच चालतं.

लोकांना वाटतं असले कागद दिल्लीला असतील, नाहीतर लंडनला. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत हिंदी लष्करातल्या अधिकाऱ्यांच्या फायली आहेत. साध्या शिपायाची नाही. शिपायाचा कागद पलटणीच्या मागून जातो. प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. नौदलाच्या खलाशांचं दप्तर मुंबईत मानखुर्दला, चिता कॅम्पात. आपला आजा कुठल्या पलटणीत होता एवढं जरी नातवाला नक्की ठाऊक नसेल तरी पाचही ठिकाणी पत्रं धाडत बसावं लागतं.

आमच्याच गावचं बघा. शेजारच्या बौद्धवाडीतला माझा वर्गमित्र माझ्याबरोबर या कामाला लागला, तर त्याची वाट सागरकडे. महारांना पलटणीची दारं १८९२ च्या सुमारास बंद केली होती. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, त्यांना. काप (कॅम्प) दापोलीत पेन्शनर महार सुभेदारांची वस्तीच होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मूळ मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, निवृत्तीनंतर काही वर्षं दापोलीतच राहिले. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली आणि लढाई संपल्यावर १९२१ ला मोडून टाकली. मग पुन्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. माझ्या मित्राचा आजा त्यानंतरच्या भरतीतला. त्याच्या घरी डिस्चार्ज बुक काचेच्या फ्रेममध्ये, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, भिंतीवर. त्याला सागरहून उत्तर यायला दोन महिने लागले, कारण नंबर, नाव, तारखा सगळं धडधडीत समोर होतं. आम्हा मराठ्यांच्या घरात मिशांना पीळ होता, कागद कपाटाच्या तळाशी.

खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला दुसरा दोस्त मानखुर्दला गेला. लढाईच्या आधीच्या रॉयल इंडियन नेव्हीत रत्नागिरीचे मुसलमान खलाशी एवढे, की पंजाबी मुसलमान आणि रत्नागिरीचे यांच्यावरच ते आरमार चालायचं म्हणा ना. त्याच्या आजोबांच्या नावापुढे मार्च १९४६ आणि 'सेवेची गरज नाही' एवढंच होतं. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या आरमारी तळावर खलाशांनी संप पुकारला, बंड पाच दिवस चाललं आणि मग शेकड्यांनी घरी पाठवले, त्यांतला हा एक. घरात आजवर समजूत अशी, की म्हातारा आजारी पडला म्हणून परत आला. तोही काही बोलला नाही.

आता बेळगाव. रेकॉर्ड ऑफिसात माणसाचे दोन कागद असतात. एक शीट रोल. त्यात त्याचा सगळा पलटणीतला संसार असतो. उंची, छाती, अंगावरच्या खुणा, बायकोचं नाव, कुठली परीक्षा पास झाला, कधी रजेवर गेला, कशापायी शिक्षा झाली. दुसरा लाँग रोल. हा जाडजूड रजिस्टरात असतो आणि त्यात माणसाला एक ओळ मिळते. नंबर, हुद्दा, नाव, गाव, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, सुटण्याचं कारण. पेन्शन न घेता सुटलेल्या शिपायाचा शीट रोल नियमाप्रमाणे पंचवीस वर्षं सांभाळतात आणि मग नष्ट करतात. लाँग रोल कायम राहतो.

हिशेब सोपा आहे. आजोबा १९४६ ला सुटले, सात वर्षांच्या नोकरीवर, म्हणजे पेन्शन नाही. त्यांचा शीट रोल १९७१ च्या पुढे राहिला नसणार. त्या साली मी दहा वर्षांचा होतो आणि आजोबा ओटीवर अडकित्त्याने सुपारी कातरत बसलेले असत. माणूस जिवंत, तंबाखूवरून सुनेशी भांडतोय, आणि तिकडे त्याच्या छातीचं माप, अंगावरच्या खुणा सगळं नष्ट करून टाकलेलं. ते गेले १९७८ ला.

तेव्हा लाँग रोलची एक ओळ हीच काय ती आशा, आणि ती ओळ नंबराने निघते. नावाने शोधायला जाल तर पस्तावाल. आधी रेजिमेंटचंच नाव घ्या. त्या वेळच्या कागदावर इंग्रजीत मराठा हा शब्द मधे 'एच' आणि दोन 'टी' घालून लिहिलेला असतो. सरळ स्पेलिंग टाकून जुन्या याद्या धुंडाळल्या तर अर्ध्या हाती लागत नाहीत. मग माणसाचं नाव. एप्रिल १९४५ मध्ये इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या नामदेव जाधवांचं आडनावही इंग्रजीत एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरं असं सापडतं. ब्रिटिश साम्राज्यातलं सर्वांत मोठं शौर्यपदक मिळालेल्याची ही गत, तर आमच्या आजोबांची काय कथा. गोऱ्या साहेबांनी तर तो प्रश्नच मिटवला होता. मराठा शिपाई म्हणजे गणपत. सगळेच गणपत. लाडाने म्हणत, असं रेजिमेंटची माणसं अभिमानाने सांगतात. असेल. पण ज्याला आपला एक गणपत हुडकायचा आहे त्याला विचारा.

शिवाय गाव. मी पोस्टातला, तेव्हा ही चूक मी होऊ दिली नाही. खेड दोन आहेत, एक आमचं जगबुडीकाठचं आणि एक पुणे जिल्ह्यातलं, राजगुरुनगर. पिनकोड आले १९७२ ला. त्याआधी आमच्या खेडची पत्रं पुण्याला फिरून येत आणि तिकडची इकडे, तर लष्करातल्या कारकुनाला काय दोष द्यायचा? दुसरं असं, की जुन्या कागदावर 'जिल्हा रत्नागिरी' दिसलं म्हणून माणूस आजच्या रत्नागिरीतलाच असं धरू नये. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याआधीचा मालवणचा, देवगडचा, वेंगुर्ल्याचा शिपाईसुद्धा रत्नागिरीच.

एवढी अक्कल पाजळून मी अर्ज केला आणि नंबर लिहिला चार आकडी.

कारण पूज्य म्हणजे मान, असं आम्ही धरून चाललो होतो. पहिले दोन आकडे, मग बेचाळीस. पहिल्या पत्राला उत्तर आलं की या नंबरावर दुसऱ्याच माणसाचं नाव आहे. सातारा जिल्हा, कोरेगाव तालुका, मार्च १९४१ मध्ये एरिट्रियात केरनला पडला. मला वाटलं त्यांची गफलत झाली. दुसऱ्या पत्रात मी आजोबांचं नाव चार वेगवेगळ्या स्पेलिंगांनी लिहून पाठवलं, तिसऱ्यात गावाचं जुनं नाव. उत्तर तेच, आणि सौजन्याने दिलेलं. वर्ष गेलं.

२०२२ च्या गणपतीत काकांकडे होतो. नव्या रंगाचा वास, भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ मुद्दाम ठेवलेली. कुणीतरी पाहुण्याने विचारलं, "आजोबांच्या फौजेचं काही आहे का हो तुमच्याकडे?" काका म्हणाले, "होतं. आता कागदांच्या नावाने पूज्य."

मोदक माझ्या हातात तसाच राहिला. अकलेच्या नावाने पूज्य, पैशाच्या नावाने पूज्य, हे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. एकावर पूज्य दहा, असं जुने मास्तर शिकवीत. पूज्य म्हणजे शून्य! आजीने मान दिलाच नव्हता. ती बिचारी पाच आकडी नंबर पाच आकड्यांत सांगत होती. आणि ज्याने जन्मभर मनीऑर्डरींचे आकडे तपासले त्या नातवाने मधलं शून्य गिळलं होतं.

चौथं पत्र गेलं, आणि ओळ आली. आजोबांच्या नावात एक अक्षर जास्तीचं, गावाच्या नावात एक कमी. भरती जानेवारी १९३९, बेळगाव. दुसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. सुटका १९४६.

ही दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये तोब्रुकला अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये होती. बरोबर कॅमरन हायलँडर्स आणि सातव्या गुरखा रायफल्सची दुसरी बटालियन. आदल्या साली याच बंदराने आठ महिने वेढा सोसून दाखवला होता. पण त्यानंतर रणगाड्यांना अडवायचा चर वाळूने भरत आला, पेरलेले सुरुंग बरेचसे उपटून गझालाच्या मोर्च्यावर नेले. २० जूनला सकाळी जर्मन विमानांनी बाँब ओतले ते आग्नेयेच्या बाजूला, नेमके मराठ्यांच्या मोर्च्यांवर, आणि त्या खिंडारातून रोमेलचे रणगाडे आत घुसले. दुसऱ्या दिवशी किल्लेदार, दक्षिण आफ्रिकेचा जनरल क्लॉपर, शरण गेला. सुमारे ३३ हजार माणसं कैद झाली. चर्चिल त्या दिवशी वॉशिंग्टनला रूझवेल्टपाशी बसले होते. ही बातमी त्यांना तिथेच एका चिठ्ठीवर मिळाली, आणि त्यांनी ती आयुष्यभराची नामुष्की मानली. रोमेल फील्डमार्शल झाला.

लंडनमध्ये क्यूला राष्ट्रीय दप्तरखान्यात पलटणींच्या युद्धडायऱ्या आहेत, पैसे भरून प्रती मागवता येतात. मी मागवल्या. त्यांत साहेबांची नावं असतात. शिपाई आकड्यांत. आय.ओ.आर., म्हणजे हिंदी इतर दर्जे, इतके ठार, इतके जखमी, इतके बेपत्ता. त्या 'इतक्यां'मध्ये आजोबा.

आजीला चिठ्ठी मिळाली पाऊस ओसरताना. शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. बेपत्ता. ते वर्षच वाईट. मार्चमध्ये रंगून पडलं होतं आणि कोकणात ज्या रंगूनच्या तांदळावर घरं चालत तो यायचा थांबला होता. नाचणीची भाकरी, तीही मोजून. वाडीतल्या दोघी-तिघी जाणत्या बाया येऊन बसल्या, आणि कुंकवाचं काय करायचं ते आडून आडून विचारू लागल्या. आजीने उत्तर दिलं नाही. पुढच्या महिन्यात पोस्टमन आला, त्याने विचारलं, तिने नंबर सांगितला, त्याने दहा रुपये मोजले. "पैसे येतायत ना," ती म्हणाली, "मग आहेत." त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच.

मला पोस्टातल्या अनुभवाने हे ठाऊक आहे, की बेपत्ता माणसाच्या घरचे पैसे सरकार तडकाफडकी तोडत नसे. तसा नियमच होता. माणूस वाळूत पुरला गेला असता तरी काही महिने ती मनीऑर्डर आलीच असती. आजीला हे मी कधीच सांगितलं नाही. तिला आठ-नऊ महिने त्या दहा रुपयांनी सवाष्ण ठेवलं. मग इटलीतून छापील कार्ड आलं, कैदेत आहे, प्रकृती ठीक.

ते कार्डही आता नाही. जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या दप्तरात युद्धकैद्यांची नोंद आहे. तिथे वर्षातून ठरावीक वेळीच अर्ज घेतात आणि ठरावीक संख्या भरली की दार बंद. दुसऱ्या खेपेला माझा अर्ज लागला. उत्तरात दोन ओळी. पहिली, इटलीत अवेझ्झानोची छावणी, पी. जी. ९१, जिथे हिंदी कैदी ठेवत. दुसरी, इटलीने सप्टेंबर १९४३ मध्ये हत्यार ठेवल्यानंतर जर्मनीत हलवलं. अवेझ्झानो अब्रुझ्झीच्या डोंगरात आहे, थंडीत बर्फ पडतं. आजोबा पौषात कान बांधून शेकोटीपाशी बसत आणि म्हणत, "ही कसली थंडी." पुढे काही सांगत नसत. लंडनला बायकांनी भरून पाठवलेल्या रेडक्रॉसच्या पेट्यांत हिंदी कैद्यांसाठी डाळ, तूप, मसाला असे. बाकी मग मॅकरोनी. आमच्याकडे शिरवाळे केले की आजोबा ताटावरून उठत. नारळाच्या रसातले गोड, गरम शिरवाळे, आणि हा माणूस तोंड फिरवतोय. आई कष्टी व्हायची. तिला मॅकरोनी कुठे ठाऊक.

आता काकांची पाचवी गोष्ट.

युरोपातल्या हिंदी कैद्यांतून सुभाषबाबूंनी जर्मनीत जी सेना उभी केली तिच्यात सुमारे तीन हजार माणसं गेली. बाकीचे कैदी कैदीच राहिले. लढाई संपल्यावर सरकारने सुटून आलेल्यांची छाननी करून तीन रंग लावले. गोरे, करडे, काळे. गोरे म्हणजे फौजेत न गेलेले. काळे म्हणजे मनापासून गेलेले. त्यांना बडतर्फ करून पगार बुडवून घरी धाडलं. सिंगापूरकडची आझाद हिंद सेना याहून कितीतरी मोठी, आणि तिच्यातले मोठे सेनानी जगन्नाथराव भोसले सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे. १९५२ ला उत्तर रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून आले. तेव्हा आपला आजा सुभाषबाबूंचा, असं कोकणातल्या घराला वाटणं साहजिक आहे. मला शाळेत असताना या गोष्टीचा केवढा अभिमान होता. मी तीवर निबंध लिहून बक्षीस घेतलं आहे.

लाँग रोलच्या शेवटच्या रकान्यात सुटण्याचं कारण लिहिलं होतं. डिमोबिलायझेशन. लढाई संपली, फौज कमी केली, घरी जा. हजारो लोकांपुढे हेच लिहिलेलं असतं. बडतर्फी नाही, पगारजप्ती नाही. आजोबा सरकारच्या हिशेबात 'गोरे' होते.

आणि तेव्हा मला १९७२ चा एक दिवस आठवला, जो मी अकरा वर्षांचा असताना स्वतः पाहिला आहे. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केलं, आझाद हिंदवाल्यांनाही. तालुक्याहून एक गृहस्थ फॉर्म घेऊन आला. ओटीवर बसून त्याने चहा घेतला आणि सांगितलं, आजोबा, कैदेत होतातच, सही करा, दोन साक्षीदार मी बघतो. दुष्काळाचं साल, भात गेलेलं. काका पंचविशीचे, नोकरी नाही. ते आजोबांच्या पाठीशी उभे राहून श्वास रोखून बघत होते. आजोबांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. इंग्रजी येत नव्हतं, पण पलटणीत शिकलेली रोमन लिपी ते बोट ठेवून वाचत. मग अडकित्ता उचलला आणि म्हणाले, "मी कैदेत होतो. फौजेत नव्हतो." गृहस्थाने आणखी एक कप चहा घेतला. आजोबांनी आणखी एक सुपारी कातरली. झालं.

काकांनी ते मनावर घेतलं. मला वाटतं, म्हातारा भिडेपोटी किंवा साक्षीदारांच्या कटकटीला कंटाळून नाही म्हणाला, खरं तर तो होताच, असं त्यांनी स्वतःला समजावलं असावं, आणि आजोबा गेल्यावर गणपतीतली गोष्ट सुरू झाली. मी लाँग रोलचा कागद त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "कारकुनाने लिहिलंय," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "नंबर तरी बरोबर आहे का?" मी म्हटलं, पूज्यासकट.

आजोबा का गेले नाहीत, हे कुठल्या रकान्यात नाही. काही लोक राजाच्या मिठाची भाषा करतात, काही भेकडपणाची. माझं मत विचाराल तर घरी बायको आणि न पाहिलेला मुलगा असलेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या शेतकऱ्याला घरी जायचं होतं. पण ज्या गोष्टीचे पैसे मिळत होते ती आपण केली नाही, हे त्याने दुष्काळात, तोंडावर सांगितलं. मला त्यांच्या आफ्रिकेच्या चांदणीच्या पदकापेक्षा हे मोठं वाटतं.

ज्यांच्या घरी असा कुणी होता त्यांनी इतकंच करावं. म्हाताऱ्या बायका आहेत तोवर त्यांना नंबर विचारा, आणि सांगतील तो जसाच्या तसा लिहून घ्या, आपली अक्कल न लावता. वारसाचा पुरावा जोडा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, अर्जात त्या काळचा तालुका-जिल्हा लिहा. जो लढाईत पडला त्याच्यासाठी राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाची यादी आहे, घरबसल्या बघता येते. 'रत्नागिरी' शब्द टाकून शोधलं की अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक गाव, अशा नोंदी येतच राहतात. नवऱ्याचं नाव कधी न घेतलेल्या बायांची नावं त्यात नवऱ्याशेजारी छापलेली आहेत.

त्याच यादीत मी तो पहिला, चार आकडी नंबर टाकून पाहिला. माणूस निघाला. कोरेगाव तालुक्यातला, मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाई, एरिट्रियात केरनच्या दहनस्मारकावर नाव. मार्च १९४१ मध्ये तिथल्या डोंगरांवर तिसऱ्या मराठा बटालियनने चढाई केली होती. माझ्या चुकीमुळे त्यांचा नंबर, गाव, बटालियन आणि मृत्यूची तारीख असलेला कागद वर्षभर माझ्या फाइलीत पडून आहे. नाव छापत नाही, घरच्यांना ठाऊक असणारच. कोरेगावकडे कुणाचा आजा किंवा पणजा केरनला राहिला असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. कागद पोस्टाने पाठवीन.